पणजीत हार्टचा कॅल्शियम स्कोअर करून घेतला: टेस्ट चांगली, पण आकडा समजावणार कोण?

आधी सरळ मत देतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. ही टेस्ट म्हणजे हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीत साठलेला कॅल्शियम सीटी स्कॅनने मोजायचा. टेस्ट चांगली आहे, योग्य माणसाने केली तर पैसे वसूल आहेत, पण सगळ्यांनी उठून करायची ही टेस्ट नव्हे, आणि नुसता आकडा घेऊन घरी यायचं असेल तर न गेलेलंच बरं. सेंटरला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दीड का कापला ते खाली सविस्तर येईलच. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण जे खटकलं ते एकट्या त्यांचं नाही, आपल्याकडे ही पद्धतच पडलीय आणि मला त्या पद्धतीबद्दल बोलायचंय.

आता मी गेलो का ते. आमचे बाबा ५१व्या वर्षी अटॅकने गेले. फोंड्याला दुकान होतं, संध्याकाळपर्यंत गल्ल्यावर बसलेला माणूस रात्री नाही. मी आता ४८ चा. सिगरेट नाही, शुगर नाही, पण बीपी वरच्या काठावर आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३८. आमचे फॅमिली डॉक्टर खूप वर्षं बघतायत, ते म्हणाले बघ, तुला कोलेस्टेरॉलची गोळी चालू करावी असंही म्हणता येतं आणि अजून वर्षभर चालणं-खाणं सांभाळून बघू असंही म्हणता येतं, अशा अडलेल्या ठिकाणी कॅल्शियम स्कोअर उपयोगाला येतो, तो करून आण मग ठरवू. हे वाक्य मला नंतर फार महत्त्वाचं वाटलं, कारण टेस्ट कशासाठी करायची याचं उत्तर त्यांनी टेस्ट लिहून देण्याआधीच दिलं होतं. ताईने हे ऐकलं आणि लगेच भावोजींनाही माझ्यासोबत लावून दिलं, ते ५२ चे, घरात कोणाला हार्टचं काही नाही, बीपी-शुगर सगळं नॉर्मल. खरं तर त्यांना कोणी डॉक्टरने सांगितलंच नव्हतं. पण ताईपुढे कोण बोलणार.

फोनवर बुकिंग सोपं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पोरीने मराठीत व्यवस्थित सांगितलं की त्या दिवशी सकाळी चहा-कॉफी नको, उपाशी राहायची गरज नाही, बाहीचा शर्ट घाला जो लवकर निघेल, आधी कधी स्टेंट किंवा बायपास झालं असेल तर आत्ताच सांगा. चहा-कॉफी का नको तर हार्ट रेट वाढतो म्हणून. हे कारणही तिने न विचारता सांगितलं, बरं वाटलं. फोंड्याहून बाणस्तारीवरून बसने गेलो, पणजीत पार्किंग शोधत फिरण्यापेक्षा ते परवडतं.

काउंटरवर मात्र गाडी घसरली. आम्ही फक्त कॅल्शियम स्कोअरची चिठ्ठी घेऊन गेलेलो, आणि समोरचा माणूस सांगतोय की सर नुसता स्कोअर करून काय कळणार, कॉन्ट्रास्ट घालून पूर्ण सीटी अँजिओ करून घ्या, त्यात इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढायचा ईसीजी) पण येतं, पॅकेजमधे निम्म्याने पडतं. मग भावोजींकडे वळून, तुमचं पण करून टाकू, दोघांचं आणखी कमी करून देतो. आता भावोजींना छातीत कधी साधी कळही आलेली नाही. त्यांना कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन कशाला? दोन वेगवेगळ्या टेस्ट आहेत या, वेगवेगळ्या माणसांसाठी. कॅल्शियम स्कोअरला इंजेक्शन नाही, औषध नाही, काही टोचत नाही, रेडिएशन साधारण १ मिलिसीव्हर्ट, म्हणजे जगात माणसाला वर्षभरात निसर्गातूनच सरासरी जे २.४ च्या आसपास मिळतं त्याच्या निम्म्याहून कमी. सीटी अँजिओला शिरेतून आयोडिनचं औषध जातं, किडनी बघावी लागते, अॅलर्जी विचारावी लागते, बऱ्याचदा हार्ट रेट खाली आणायला मेटोप्रोलॉलसारखी गोळी द्यावी लागते. ही टेस्ट उत्तमच आहे पण ज्याला छातीत दुखतंय त्याच्यासाठी. एक मार्क इथेच गेला. लोकांच्या भीतीवर पॅकेज विकायचं नसतं, निदान हार्टच्या बाबतीत तरी.

मी चिठ्ठी पुढे केली, म्हटलं जे लिहिलंय तेवढंच करा. केलं. दोघांचे मिळून सात हजारांच्या आत पैसे झाले.

आतला अनुभव मात्र फर्स्ट क्लास. टेक्निशियन मुलगी सत्तरी तालुक्याकडची असावी, बोलण्यावरून वाटलं, कोंकणी-मराठी मिसळून बोलत होती. छातीवर ईसीजीची तीन चिकटवणी लावली, भावोजींना म्हणाली "भियेनाकात, सुई ना कायच", आणि मला आधी बाहेरच दोनदा श्वास रोखायची प्रॅक्टिस करून घेतली. हे ईसीजी कशाला असतं ते तिने मॉनिटरकडे बोट दाखवून सांगितलं. हृदय सतत हलतंय ना, मग फोटो हललेला येणार, म्हणून दोन ठोक्यांच्या मधे हृदय जेव्हा क्षणभर निवांत असतं तेव्हाच मशीन फोटो घेतं आणि तो क्षण कुठला ते ईसीजीच्या रेषेवरून मशीनला कळतं. माझा रेट तेव्हा ७४ होता. ती म्हणाली थांबा थोडं, असेच पडून राहा, घाई नाही. ६६ वर आला तेव्हा केलं. मागे लाईन असताना कोणी एवढं थांबत नाही. टेबल आत सरकलं, स्पीकरवर रेकॉर्ड केलेला आवाज, श्वास घ्या, रोखा, घर्र आवाज, सोडा. झालं. कपडे बदलायलाच जास्त वेळ लागला.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते. रिपोर्ट हातात आला तेव्हा एक तक्ता होता, चार ओळी, एलएम, एलएडी, एलसीएक्स, आरसीए, या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या, प्रत्येकीसमोर आकडा आणि खाली टोटल अगॅट्सटन स्कोअर ८४. भावोजींचा ०. बस. एवढंच. काउंटरवर विचारलं म्हणजे काय तर म्हणे डॉक्टरांना दाखवा. शेजारी बसलेले एक काका, मडगावचे, त्यांचा १५० आला होता आणि ते घामाघूम, फोनवर मुलाला सांगत होते की १५० टक्के ब्लॉकेज आहे. कोणी त्यांना सांगायला नाही की काका, हे टक्के नव्हेत. मी आणि भावोजींनी त्यांना बसवून पाणी दिलं आणि जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं.

हा अगॅट्सटन म्हणजे कोण हे मी घरी येऊन वाचलं आणि वाचतच गेलो, आणि मला वाटतं प्रत्येक रिपोर्टच्या मागच्या पानावर हे चार ओळीत छापलं पाहिजे. आर्थर अगॅट्सटन हे अमेरिकेतल्या मायामीचे हार्टचे डॉक्टर. जगात त्यांचं नाव जास्त झालं ते वजन कमी करायच्या डाएटमुळे, पण त्यांचं खरं काम त्याच्या कितीतरी आधीचं आहे. ऐंशीच्या दशकात एक नवीन तऱ्हेचं सीटी मशीन आलं होतं, इलेक्ट्रॉन बीम वालं, इतकं फास्ट की धडधडणाऱ्या हृदयाचा फोटो हलायच्या आत काढायचं. त्या फोटोत धमन्यांच्या भिंतीत पांढरे ठिपके दिसायचे, तो कॅल्शियम. दिसतो हे लोकांना माहीतच होतं, साध्या एक्स-रे स्क्रीनिंगमधे पण थोडा दिसायचा. प्रश्न होता मोजायचा कसा. अगॅट्सटन आणि त्यांचे रेडिओलॉजिस्ट सहकारी वॉरेन जॅनोविट्झ वगैरे मंडळींनी १९९० मधे पेपर छापला, ५८४ माणसांवरचा, त्यातले १०९ जण आधीच हार्टचे पेशंट आणि ४७५ जणांना काही त्रास नाही. जुन्या एक्स-रे पद्धतीशी ५० पेशंटमधे तुलना केली तर जुन्या पद्धतीत ५२ टक्के लोकांमधे कॅल्शियम दिसला आणि या सीटीमधे ९० टक्के. आणि मोजायची जी रीत त्यांनी तेव्हा बसवली तीच आज पणजीतल्या मशीनमधे चालते.

रीत इतकी साधी आहे की आठवीतल्या पोराला समजेल, म्हणून लिहितोच. सीटीमधे प्रत्येक ठिपक्याला घनतेचा नंबर असतो, हाउन्सफील्ड युनिट, ज्या इंजिनियरने सीटी स्कॅन बनवला आणि १९७९ चं नोबेल घेतलं त्याच्या नावाचं. पाणी म्हणजे शून्य. १३० च्या वर गेलं की तो ठिपका कॅल्शियम धरायचा. मग त्या ठिपक्याचं क्षेत्रफळ घ्यायचं चौरस मिलिमीटरमधे आणि त्याला गुणायचं, सर्वात घट्ट जागा १३० ते १९९ असेल तर १ ने, २०० ते २९९ असेल तर २ ने, ३०० ते ३९९ ला ३ ने, ४०० आणि वर ४ ने. म्हणजे समजा माझ्या एलएडीमधे ४ चौरस मिलिमीटरचा ठिपका आहे आणि त्याचा नंबर २५०, तर ४ गुणिले २, आठ झाले. असे सगळ्या स्लाइसमधले सगळे ठिपके मिळवत जायचं, शेवटी जी बेरीज येते तो स्कोअर. त्यामुळे हा टक्का असूच शकत नाही, तो हजारातही जाऊ शकतो. आणि ब्लॉकेज किती हे तो सांगतच नाही, भिंतीत आजार किती साठलाय याचा तो अंदाज आहे. भिंतीत चरबीचा थर बसतो, सुजतो, शरीर तो भरून काढायला जातं आणि तिथे कॅल्शियम जमा होतो, म्हणजे जखम भरल्याची खूण म्हणा. जिथे खुणा जास्त तिथे ताज्या जखमाही जास्त असणार, हे त्यामागचं गणित.

पण आकडा मोजला म्हणून त्याचा अर्थ लागत नाही, त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं बघावी लागतात. हे काम पुढे अनेकांनी केलं आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटायला लागलाय. अमेरिकेत २००० साली मेसा नावाचा अभ्यास सुरू झाला, ४५ ते ८४ वयाची ६८१४ माणसं, कोणालाच हार्टचा त्रास नाही अशी, सगळ्यांचे स्कॅन करून ठेवले आणि मग नुसतं बघत राहिले की कोणाला काय होतं. २००८ मधे निकाल छापला तेव्हा शून्यवाल्यांच्या मानाने १०१ ते ३०० वाल्यांना हार्टचा धोका ७.७३ पट आणि ३०० च्या वर ९.६७ पट निघाला, वय, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट हे सगळं हिशोबात धरून. कॅलिफोर्नियातले मॅथ्यू बुडॉफ म्हणून कार्डिओलॉजिस्ट आहेत त्यांनी तर अख्खी कारकीर्द या पांढऱ्या ठिपक्यांवर घालवली, २००७ मधे त्यांनी २५,२५३ लोकांचा हिशोब छापला. एका माणसाने एवढ्या लोकांचे स्कॅन जपून ठेवायचे, त्यांचं पुढे काय झालं ते शोधत राहायचं, याला काय म्हणायचं. आणि इतक्या लोकांच्या आयुष्यातून तयार झालेलं ज्ञान काउंटरवर "डॉक्टरांना दाखवा" एवढ्यावर संपतं, तेव्हा वाईट वाटतं.

बरं, आता रेडिओलॉजिस्टबद्दल, कारण तीन मार्क त्यांना आणि त्या टेक्निशियन मुलीला मिळून आहेत. मी रिपोर्ट घेऊन परत आत गेलो, म्हटलं मॅडम दोन मिनिटं भेटायचंय. बसवलं. स्क्रीनवर माझा फोटो लावला, माऊसने वरखाली स्क्रोल करत एलएडी दाखवली, करड्या पडद्यावर तीन-चार पांढरे ठिपके, तांदळाच्या कणीएवढे. स्वतःच्या हृदयातले. त्या म्हणाल्या एकूण आकड्यापेक्षा तुमच्या वयात हा आकडा कुठे बसतो ते बघा. ८४ सत्तरीतल्या माणसाला आला तर मी म्हणेन ठीक आहे, ४८ ला आला तर नाही म्हणणार. रिपोर्टवर पर्सेंटाइल (तुमच्या वयाच्या शंभर जणांत किती जण तुमच्या खाली) का लिहिलं नाही असं मी विचारलं तर त्यांनी फार प्रामाणिक उत्तर दिलं. म्हणाल्या तक्ता मेसाचा वापरतात सगळे, त्यात पर्याय चारच, गोरे, काळे, हिस्पॅनिक आणि चिनी. आपण त्यात नाहीच. मग मी कुठल्या खान्यात टाकू तुम्हाला? पण तुमच्या बाबतीत त्याने फरक पडत नाही, कुठलाही खाना धरला तरी तुम्ही ७५ टक्क्यांच्या वरच जाता.

हे ऐकून मी हललो. आपल्यासारख्या लोकांचा अभ्यास नंतर झाला, मसाला नावाचा, खरंच तेच नाव आहे, सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या भागात राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांवर. अल्का कनाया यांनी २०१० मधे तो चालू केला, पहिल्या फेरीत ९०६ माणसं. त्यात आपल्याकडच्या पुरुषांमधे कॅल्शियम गोऱ्या पुरुषांइतकाच आणि बाकी तीन गटांपेक्षा जास्त दिसला. म्हणजे रेडिओलॉजिस्ट मॅडम नाईलाजाने गोऱ्यांचा खाना वापरतात तो निदान पुरुषांच्या बाबतीत फार चुकत नाही. पण ९०६ म्हणजे किती कमी बघा, आणि तेही अमेरिकेत राहणारे. सकाळी पाव खाणारा, दुपारी शीत-कडी आणि तळलेलं मासळं, दिवसभर दुकानात बसून असलेला फोंड्याचा माणूस त्यात कुठे आहे? हे काम इथे कोणीतरी करायला हवं असं मला मनापासून वाटतं, स्कॅन तर आपल्याकडे होतच आहेत, ते नुसते पीडीएफ बनून व्हॉट्सअॅपवर जातात.

आणि आपल्याला याची गरज जास्त आहे. सलीम युसूफ, केरळात जन्मलेले, बंगळूरला शिकलेले कार्डिओलॉजिस्ट, नंतर कॅनडात गेले, त्यांनी इंटरहार्ट म्हणून ५२ देशांचा अभ्यास केला, २००४ मधे आला. पहिला अटॅक आलेले सुमारे १५ हजार पेशंट आणि तेवढेच धडधाकट लोक यांची तुलना. त्यातल्या आपल्या भागातल्या पेशंटना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी आला होता, बाकी देशांत जवळपास ५९ व्या. सहा वर्षं आधी. माझे बाबा ५१. हा आकडा वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट निघाली ती स्कॅनला धावणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. नऊ गोष्टींत जवळजवळ सगळा धोका सापडला, पुरुषांत ९० टक्के आणि बायकांत ९४ टक्के. सिगरेट-तंबाखू, रक्तातली वाईट चरबी, बीपी, डायबिटीस, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं, दारू. यातलं काय स्कॅन लागतं बघायला? एक बीपीचं मशीन, एक रक्ताची टेस्ट, शिंप्याकडची मोजपट्टी आणि चार खरी उत्तरं. म्हणून म्हणतो की आधी हे करा, हे करून जर डॉक्टर म्हणाले की चित्र स्पष्ट आहे, गोळी लागणारच किंवा लागणार नाहीच, तर स्कॅनला जाऊच नका. मधे अडकलात तर जा.

भावोजींचं सांगायचं राहिलं. शून्य आला, ताई खूश, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ, उजव्या फुप्फुसात ४ मिलिमीटरचं नोड्यूल, म्हणजे बारीक गाठ. झालं, ताईची झोप उडाली. हार्टचा स्कॅन करताना आजूबाजूची फुप्फुसं दिसतातच, आणि दिसलं की लिहावं लागतं, त्यात चूक काही नाही. पण ही ओळ अशीच सोडून द्यायची? सिगरेट न ओढणाऱ्या, धोका कमी असलेल्या माणसात ६ मिलिमीटरच्या आतलं एकच नोड्यूल असेल तर सहसा परत स्कॅनचीही गरज नसते असं छातीच्या डॉक्टरांचे नियमच सांगतात. एवढं एक वाक्य त्या ओळीखाली लिहिलं असतं तर आमच्या घरातला तो सगळा आठवडा वेगळा गेला असता. मग म्हापशाला छातीच्या डॉक्टरकडे, त्यांनी फोटो बघून हसून परत पाठवलं. ज्या टेस्टची मुळात गरज नव्हती तिच्यातून हे झालं. उरलेला अर्धा मार्क इथे गेला. आणि शून्याबद्दल पण सांगतो, शून्य म्हणजे आयुष्यभराची गॅरंटी नव्हे. नवा, मऊ थर या स्कॅनमधे दिसत नाही, त्याच्यात अजून कॅल्शियम बसलेला नसतो. सिगरेट ओढणारा, डायबिटीस असलेला किंवा घरात लवकर हार्टचा आजार झालेला माणूस शून्य बघून गोळी टाकून देत असेल तर ते बरोबर नाही, अमेरिकेतल्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या गाइडलाइनमधेही शून्य असला तरी या लोकांना वेगळं काढलेलं आहे. भावोजी त्यातले नाहीत म्हणून त्यांचं ठीक.

माझं पुढे काय झालं तर आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, वय बघितलं, बाबांचं धरलं, आणि गोळी चालू केली. त्याच गाइडलाइनप्रमाणे १०० च्या वर किंवा वयाच्या हिशोबाने ७५ टक्क्यांच्या वर असेल तर स्टॅटिन (हीच कोलेस्टेरॉलची गोळी) देण्याकडे कल, मी दुसऱ्यात बसतो. मी विचारलं वर्षाने परत स्कॅन करून बघायचा का कमी झाला का, तर म्हणाले अजिबात नको, स्टॅटिनने स्कोअर उलट वाढू शकतो कारण मऊ थर घट्ट होतो, ते चांगलंच असतं, तू मात्र वाढलेला आकडा बघून उगाच घाबरशील, त्यापेक्षा एलडीएल बघत राहू. हे सेंटरवाले सांगत नाहीत, उलट दुसऱ्याच वर्षी "तुमचा हार्ट चेकअप ड्यू आहे" असा मेसेज येतो म्हणे, ओळखीच्या दोघांना आलाय.

फोटो काढल्याने खरंच फायदा होतो का, हा प्रश्न मलाही होता. त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर स्कॉटलंडमधून आलं, डेव्हिड न्यूबी हे एडिंबरोचे कार्डिओलॉजिस्ट, त्यांच्या टीमने छातीत दुखणाऱ्या ४१४६ पेशंटना दोन गटांत वाटलं, एका गटाला नेहमीची तपासणी, दुसऱ्याला त्याच्यासोबत सीटी अँजिओ. पाच वर्षांनी हार्टच्या आजाराने मृत्यू किंवा अटॅक, नेहमीच्या गटात ३.९ टक्के आणि सीटीवाल्यांत २.३ टक्के. २०१८ मधे छापलं. आणि गंमत म्हणजे पाच वर्षांत अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. फरक दिसतो तो औषधांत, फोटो बघून योग्य माणसाला योग्य गोळ्या चालू झाल्या. म्हणजे फोटो आणि माणूस यांच्यामधे एक डॉक्टर बसून बोलला म्हणून ते झालं. पणजीतल्या सेंटरमधे नेमकी ती खुर्ची रिकामी आहे, आणि रेडिओलॉजिस्ट मॅडम स्वतःहून वेळ देतात म्हणून ती अधूनमधून भरते.

पॅकेजमधल्या इकोबद्दल पण बोलतो कारण तो लोकांना उगाच विकला जातो. इको फार मोठी गोष्ट आहे. १९५३ मधे स्वीडनमधे इंगे एडलर या हार्टच्या डॉक्टरने हेलमुट हर्ट्झ या फिजिक्सच्या माणसाला धरलं आणि दोघांनी मिळून माल्मोच्या जहाज कारखान्यातलं, लोखंडातले तडे शोधायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र हृदयावर लावून बघितलं. वास्कोला शिपयार्डमधे काम केलेला आमचा शेजारी म्हणाला, हो, आम्ही पण वेल्डिंग असंच चेक करायचो. पण इको हृदयाच्या झडपा आणि पंपिंग दाखवतो, धमन्यांच्या भिंतीतला कॅल्शियम त्यात बघत नाहीत. तुम्हाला धाप लागत नाही, पाय सुजत नाहीत, डॉक्टरला छातीत वेगळा आवाज आला नाही, तर पॅकेजमधे स्वस्त मिळतोय म्हणून इको करू नका.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहावी अशी. छातीत आत्ता दुखतंय, घाम येतोय, डावा हात जड झालाय, अशा वेळी स्कोअर करायला पणजीला जायचं नाही. १०८ ला फोन करायचा नाहीतर जवळच्या सरकारी हॉस्पिटलात जायचं. आपल्या गोव्यात हे चांगलं झालंय की लहान हॉस्पिटलातून ईसीजी काढून थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कार्डिओलॉजिस्टना दाखवतात, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देतात आणि मग पुढे नेतात. बाबांच्या वेळी हे असतं तर. असो.

तर कोणी जावं: चाळिशी ओलांडलेली, छातीत त्रास नाही, आणि डॉक्टर गोळीच्या बाबतीत खरोखर मधे अडकलेत असं कोणी असेल तर नक्की जा. पंचविशीतल्या पोरांनी जिमवाल्याने सांगितलं म्हणून जाऊ नये, आधीच स्टेंट झालेल्यांनी तर मुळीच नाही, त्यांचं उत्तर आधीच मिळालेलं आहे. सकाळची पहिली वेळ घ्या, टेक्निशियन थांबायला तयार असते आणि रेडिओलॉजिस्ट भेटतात, दुपारनंतर त्या नसतात. काउंटरवर पॅकेज नको म्हणून सांगा, नीट सांगितलं की ऐकतात, वाद घालावा लागला नाही. रिपोर्टसोबत सीडी मागून घ्या, आपणहून देत नाहीत, पण मागितली की पैसे न घेता देतात. आणि सेंटरवाले हे वाचत असतील तर एक कागद छापा, मराठी-कोंकणीत, स्कोअर म्हणजे टक्के नव्हेत, वयाप्रमाणे कसा वाचायचा, नोड्यूल लिहिलं असेल तर पुढे काय, एवढंच, आणि तो प्रत्येक रिपोर्टला पिन करून द्या. मडगावच्या त्या काकांसाठी म्हणून तरी करा. केलंत तर मी स्वतः येऊन रेटिंग बदलेन.